आधी अंगावर घाल

शिवण शिकायला निघालेल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगतंच, की आधी उशीचा अभ्रा शिव. मग पिशवी शिव, मग टेबलक्लॉथ. सरळ टीप मारायला हात बसला की कपड्यांकडे वळ. माझं मत नेमकं उलट आहे. अभ्र्याला खांदा नसतो, काख नसते. तो स्कूटर चालवत नाही, फडताळाच्या वरच्या खणातला डबा काढत नाही, केर काढायला वाकत नाही. अभ्रा वाकडा झाला तरी उशीची काही तक्रार नसते, आणि तक्रारच आली नाही तर माणूस शिकणार कशातून? शिवणातलं जे थोडंफार मला येतं, ते शिवताना कमी आणि घातल्यावर जास्त आलं. म्हणून हे माझ्या सुरुवातीच्या कपड्यांबद्दल. त्यातला एकही धड नव्हता, आणि जवळजवळ प्रत्येक कपडा घरातल्या कुणीतरी झिजेपर्यंत वापरला.

मी पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते. प्लॅन, सेक्शन, जिन्याचे डिटेल, खिडक्यांचे तक्ते. निम्मं आयुष्य रेघा ओढण्यात गेलंय म्हटलं तरी चालेल. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या निमित्तानं काही महिने मिरजेला राहून घरून काम करायची वेळ आली, आणि संध्याकाळचं काहीतरी हवं म्हणून गल्लीतल्या शिवणक्लासला नाव घातलं. छातीचा चौथा भाग अधिक दीड इंच, खांद्याचं निम्मं, मुंढ्याचा (म्हणजे बाही जिथे जोडतात त्या काखेतल्या कापाचा) गोल, ही तर सरळ भूमिती होती. ब्राऊन पेपरवरचं माझं पेपर कटिंग बाईंनी सगळ्या क्लासला दाखवलं. "बघा गं, रेघ अशी पाहिजे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता हेच कापडावर करून दाखव."

कागद ठेवला तिथे राहतो. कापड राहत नाही. त्याला उभा दोरा असतो, आडवा दोरा असतो. उभ्यात ते फारसं ताणलं जात नाही, आडव्यात थोडं सैल असतं, आणि तिरपं धरून ओढलं तर बघता बघता लांबतं. माझ्या ऑफिसातल्या कुठल्याच रेघेला ही खोड नाही. भिंत तिरकी काढली म्हणून ती पावसाळ्यात वाढत नाही. शिवाय कागदावरच्या रेघेला जाडी नसते, कापडाला असते. दोनदा दुमडलं की ती जाडी कुठूनतरी माप खाते, आणि मग दोन बाजूंनी येणाऱ्या शिवणी काखेत एकमेकींना भेटायच्या ऐवजी अर्ध्या इंचानं हुकतात. आमच्याकडे साइटवर असं झालं की कंत्राटदाराला बोलावून घेतात. इथे कंत्राटदारही मीच.

घरात आईचं काळं पायमशीन होतं. अंगावर सोनेरी वेलबुट्टी, खाली लोखंडी जाळीदार पायडल, आणि वर बरीच वर्षं टीव्ही. टीव्ही भिंतीवर गेल्यापासून त्यावर वर्तमानपत्रांची रद्दी असायची. तेल घालून, कापड पुढे सरकवणाऱ्या दातांखालची रद्दीएवढीच जुनी धूळ ब्रशनं काढून ते चालू केलं तेव्हा आवाज ऐकून आई आतल्या खोलीतून वॉकर सरकवत आली आणि म्हणाली, "पट्टा सैल पडलाय की. थोडा काप आणि तार परत लाव." आवाजावरून तिला ते कळलं होतं. पायमशीनची पहिली कसरत म्हणजे चाक उलटं न फिरू देणं. पाय जरा कचरला की चाक मागे जातं, दोरा तुटतो, आणि खाली गुंता होतो. बाईंनी त्यासाठी वहीचे आखलेले कागद दिले होते: दोरा न ओवता नुसत्या सुईनं ओळीवरून भोकं पाडत जायचं. कोपऱ्यावर थांबायचं, सुई कागदात रुतलेली ठेवायची, मशीनचा दाबणारा पाय उचलायचा, कागद वळवायचा. हे कंटाळवाणं आहे आणि टाळण्यासारखं नाही.

दुसरी गोष्ट जी मला कुणीतरी आधीच सांगायला हवी होती: खालच्या बाजूला दोऱ्याचे लोंबते फास दिसले, तर दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. आपण खाली गुंता बघतो आणि खालच्या दोऱ्याच्या बॉबिनच्या डबीचा स्क्रू पिळत बसतो. शिलाई मशीनचा टाका म्हणजे दोन दोऱ्यांची गाठ, आणि ती कापडाच्या पोटात बसायला हवी. वरचा दोरा सैल असला की खालचा त्याला आपल्याकडे ओढून घेतो आणि गाठ खाली येते. एलायस हाउ या अमेरिकन माणसानं १८४६ साली याच दोन दोऱ्यांच्या टाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं, पाच वर्षांनी सिंगरनं आपलं घेतलं, आणि मूळ तत्त्व अजून तेच आहे. यंत्रांबद्दल गांधीजी किती कडक होते हे आपण जाणतोच. पण १९२४ सालच्या एका चर्चेत त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनला आवर्जून अपवाद केला होता. बायकोचे शिवताना होणारे कष्ट बघून सिंगरनं हे बनवलं, त्यामागे प्रेम आहे, असं त्यांचं म्हणणं. सिंगरचं घरगुती आयुष्य ज्यांनी वाचलंय त्यांना या प्रेमाबद्दल शंका येईल, पण मशीनबद्दलचं मत मला मान्य आहे.

क्लासचा पहिला कपडा झबलं. तो पहिला का असतो हे शिवल्यावर कळतं. बाही वेगळी जोडायची नसते, अंगाबरोबरच कापली जाते. पुढून उघडं, बंद बांधायचे, बाळ कसंही वाढलं तरी चालतं. बहिणीला तेव्हा मुलगी झाली होती, त्यामुळे गिऱ्हाईक घरातच होतं. मलमल आणली, मऊ, पांढरी. आणि ती मशीनवर घातली तशी चुण्या पडून गोळा व्हायला लागली. बाईंनी सुई काढून उजेडात धरली. "सोळा नंबर आहे ही. यानं पोती शिवायची." आईनं शेवटचं शिवण केलं ते बाजाराच्या पिशव्यांचं, तीच सुई तशीच राहिलेली. अकरा नंबरची लावली आणि मलमल सरळ चालू लागली. पॉपलिन-केंब्रिकला चौदा, जाड कापडाला सोळा, पातळाला अकरा, हे तेव्हापासून लक्षात आहे.

झबलं दिसायला गोड झालं. आतल्या शिवणी मात्र करकरीत, वर माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, बेताची ठेवल्यामुळे सुटे दोरे. बहिणीनं ते हातात घेतलं, आतून बोट फिरवलं, आणि काही न बोलता उलटं करून बाळाला घातलं. शिवणी बाहेर, गुळगुळीत बाजू आत. मी हरकत घेणार होते, पण आई म्हणाली, "तान्ह्या बाळाला उलटंच घालतात. तुम्हालाही घातलेलं." ती मुलगी त्या झबल्यात आतून बाहेर अशीच तीन महिन्यांची झाली. पुढची झबली मी फ्रेंच शिवणीनं केली: आधी सुलट बाजू बाहेर ठेवून काठाजवळून टीप, मग कडा कापून, उलटवून, दुसरी टीप. सगळे दोरे शिवणीच्या आत बंद होतात. बहिणीनं ती झबलीही उलटीच घातली. सवय.

मग परकर. साडीच्या आतला, सहा कळ्यांचा, पॉपलिनचा. याच्या कापडाची चंगळ होती, कारण मिरजेहून इचलकरंजी जवळ. तिथे १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, आणि त्याची माझ्यापर्यंत पोचलेली फळं म्हणजे काकांनी येता-जाता आणलेले स्वस्त कटपीस. परकराच्या कळ्या कापणं हे मला आजही शिवणातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं. एक कळी सुलटी, पुढची उलटी, वर अरुंद खाली रुंद, शेजारची वर रुंद खाली अरुंद; दोन मीटर कापडात चिंधीसुद्धा उरत नाही. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा मांडलं तिला (ती बाईच असणार) आमच्या ऑफिसात टाइल्सचं ले-आउट करायला बसवलं असतं.

पण कळीला एक बाजू सरळ असते आणि एक तिरपी. जोडताना एका कळीची तिरपी बाजू पुढच्या कळीच्या सरळ बाजूला लावायची, म्हणजे सरळ बाजू तिरपीला धरून ठेवते. मी दोन ठिकाणी तिरपीला तिरपी लावली होती. टेबलावर अंथरल्यावर काहीही कळलं नाही. घेर मोजून घेतला, बरोबर होता. पुण्याला ऑफिसच्या एका समारंभाला साडी नेसून गेले, आणि दुपारपर्यंत परकर डाव्या बाजूनं साडीखालून डोकावू लागला. सकाळी तो डोकावत नव्हता. दिवसभर चालण्यानं, बसण्या-उठण्यानं त्या दोन तिरप्या कडा हळूहळू लोंबल्या होत्या. संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं, तर तिचा उपाय तयार: "फिरवून नेस की. लोंबलेलं निऱ्यांच्या मागं जाऊ दे." आजही तो परकर मी तसाच फिरवून नेसते, नाडी भलतीकडे येते एवढंच. कळीदार काहीही शिवलं तर आता खालची दुमड घालण्याआधी एक रात्र हँगरला टांगून ठेवते. लोंबायचं ते लोंबू दे, मग खालून कापून सारखं करायचं. आणि त्याच्याही आधी, सुती कापड पाण्यातून काढून वाळवायचं. हे न करता शिवलेला दुसरा परकर पहिल्या धुण्यानंतर घोट्याच्या बराच वर गेला. तो आता पावसाळ्यात उपयोगी पडतो.

कुर्त्याबद्दल मी सविस्तर सांगणार आहे, कारण खरं शिक्षण तिथे झालं.

निळ्या चौकड्यांचं सुती कापड, ४४ इंच पन्हा, अडीच मीटर. चौकड्या घेऊ नकोस असं बाईंनी सांगितलं होतं. चौकड्यांचं कापड म्हणजे सगळ्यांसमोर ठेवलेली पट्टी, शिवण कुठे सरकली ते लांबून दिसतं. मला नेमकं तेच आवडलं. कुर्ता तयार झाला, बाजूच्या चौकड्या बऱ्यापैकी जुळल्या, मी क्लासमध्ये घालून उभी राहिले. सगळ्या म्हणाल्या छान. बाई म्हणाल्या, "हात वर कर."

हात वर केला तर अख्खा कुर्ता वर गेला. खालचा घेर मांड्यांपर्यंत, खांदे कानापाशी. हात खाली आणला की सगळं जागच्या जागी. उभं राहायला उत्तम कुर्ता. मी म्हटलं, मुंढा घट्ट झालाय, थोडा खोल करते. बाईंनी अडवलं नाही. "कर आणि उद्या घालूनच ये. चालत नको, स्कूटीवर ये." मी काखेत पाऊण इंच आणखी कापलं, बाही परत जोडली, आणि दुसऱ्या दिवशी स्कूटीवर बसले. हँडल धरल्यावर आधी काखेतून आणि मग पाठीवरून जी ओढ बसली, ती आदल्या दिवसापेक्षा वाईट होती. कापड वाढवायच्या ऐवजी मी कमी केलं होतं, हे खरं. पण खोल मुंढा म्हणजे मोकळा मुंढा, ही समजूत किती पक्की असते बघा. रेडीमेड कपडा काखेत काचला की आपण सगळे हेच म्हणतो.

बाईंनी मला फळ्याजवळ नेलं नाही. टेप माझ्या काखेत धरला. कंबरेपासून काखेपर्यंत आणि काखेपासून मनगटापर्यंत, आतल्या बाजूनं. हात खाली असताना ही बाजू आखूड असते, हात वर केला की ती लांबते. मुंढा जितका खोल, तितकी ही आतली बाजू आखूड. म्हणजे हात उचलायला लागणारं कापड तिथे नसतंच, मग ते खालून, घेरातून ओढून आणावं लागतं, आणि कुर्ता वर चढतो. मुंढा काखेच्या जवळ, वर हवा. काचेल इतका वर नाही, पण आपल्याला वाटतो त्यापेक्षा वर. आणि बाहीचा वरचा गोल जितका उंच, तितकी बाही अंगालगत खाली पडणारी. उभं राहिलं की सुरेख, हात उचलला की अडकणारी. गोल बसका केला तर हात मोकळा, पण खाली सोडल्यावर काखेत चुण्या. दोन्ही एकाच वेळी मिळत नाही. कुर्ता कशासाठी हवाय ते आधी ठरवायचं, मग गोल आखायचा.

हे मला इतकं पटलं की घरी येऊन मी कपाटातले कपडे उलटे करून काखा बघत बसले. आजोबांचा एक जुना खादीचा झब्बा आईनं ठेवलेला आहे. त्याला मुंढ्याचा गोलच नाही. बाही म्हणजे सरळ पट्टा, अंगही सरळ पट्टे, बाजूंना कळ्या, आणि काखेत एक चौकोनी तुकडा तिरपा बसवलेला. हात खाली असला की तो तुकडा दुमडून गप्प बसतो, वर केला की उघडतो आणि हवं तेवढं कापड देतो. गोलाईचं एकही माप न घेता हात वर करायचा प्रश्न सोडवलेला, आणि मागावरून उतरलेल्या पन्ह्यातलं काही वायाही घालवलेलं नाही. मी असाच चौकोन माझ्या निळ्या कुर्त्याच्या दोन्ही काखांत बसवला. चौकड्या अर्थातच तिथे तिरक्या दिसतात. हात वर केल्यावर कुणी विचारलंच, तर मी त्याला डिझाइन म्हणते.

त्याच कुर्त्याचा गळा. पेपर कटिंगवर साडेसहा इंच खोल गोल काढला, तंतोतंत कापला, पट्टी लावली, उलटवली, आणि आरशात बघितलं तर गळा मला हवा त्यापेक्षा मोठा. इथे ड्राफ्टिंगवाल्यांना एक सूचना. बाहेरच्या कडेला माया सोडली की तुकडा मोठा होतो, हे आपल्याला कळतं. पण गळा हे भोक आहे. भोकाच्या कडेला शिवण आत जाते तेव्हा भोक मोठं होतं. साडेसहावर कापून अर्ध्या इंचावर शिवलं की सात. रुंदीतही दोन्हीकडून तेवढंच. हे मला दरवाजाच्या चौकटीबाबत रोज कळतं आणि गळ्याबाबत कळलं नाही. शिवाय गळ्याची गोलाई बरीचशी तिरप्या दोऱ्यात येते, त्यामुळे नुसतं हाताळूनही ती पसरते. कापल्या कापल्या कडेपासून दोन सूत (पाव इंच) आत एक साधी टीप मारून ठेवली की गळा जागेवर राहतो. क्रॉस पट्टी, म्हणजे तिरप्या दोऱ्यात कापलेली पट्टी, लावताना पट्टी किंचित ओढून धरायची, गळा नाही. मी दोन्ही ओढत होते. त्या कुर्त्याचा गळा वाकलं की अजून पुढे येतो, म्हणून तो फक्त घरी. आणि घरी तो इतका घातला की कोपरांवर विरलाय.

पुढच्या कुर्त्याला मी खिसा लावला, बाजूच्या शिवणीत लपलेला. बायकांच्या कपड्यांना खिसे नसण्यावर मी ऑफिसात पुष्कळ बोललेली असल्यामुळे हा माझ्या इभ्रतीचा प्रश्न होता. खिशाची जागा मी उभं राहून, हात खाली सोडून, हात जिथे पोचतो तिथे ठरवली. ती चूक नाही, पण पुरेशी नाही. खिशाचं तोंड हातापाशी आलं, तळ मांडीच्या मध्यावर गेला. फोन टाकून बसस्टॉपपर्यंत चालले तर फोन प्रत्येक पावलाला मांडीवर आपटत होता आणि कुर्त्याची उजवी बाजू ओढल्यामुळे गळा खांद्यावरून सरकत होता. जिना चढताना तर आणखीनच. खिशाला वजन असतं, ही गोष्ट रिकामा खिसा बघून कळत नाही. आता मी खिशाचा वरचा कोपरा पुढच्या बाजूला एका पट्टीनं कंबरेच्या उंचीवर टाचते, म्हणजे वजन शिवणीवर न येता वर धरलं जातं. आणि खिसा शिवण्याआधी त्यात जे ठेवायचं असतं ते ठेवून घरभर फिरते. घरातल्यांना आता याची सवय झालीय.

ब्लाऊजबद्दल थोडक्यात. पुढचा भाग मागच्यापेक्षा लांब का कापायचा, टक्स (आकारासाठी शिवलेल्या चुण्या) घातल्यावर ती लांबी कुठे जाते, हे समजायला मला मांजरपाटाचे बरेच तुकडे लागले. तयार ब्लाऊजवर माप घेऊन शिवता येतो असं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका; मापाच्या ब्लाऊजमधला दोष मापासकट नव्या ब्लाऊजमध्ये उतरतो. माझा पहिला खणाचा ब्लाऊज मी अस्तर न भिजवता शिवला, आणि धुतल्यावर अस्तर आतून आखडलं, बाहेर खण फुगला. तो फेकला नाही, कुणाला दाखवतही नाही. पुढचे ब्लाऊज मी पुण्यातल्या नेहमीच्या मास्तरांकडेच टाकते, मात्र आता त्यांच्याशी बोलते वेगळं. पूर्वी म्हणायचे, "मास्तर, कुठेतरी ओढतंय." आता म्हणते, "मुंढा अर्धा इंच वर घ्या, मागच्या बाजूनं." पहिल्यांदा असं म्हटलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "शिकलाय काय कुठं?" शिलाई काही कमी केली नाही.

उसवण्याबद्दल माझं एक ठाम मत झालंय. सुरुवातीला मी सगळं उसवायचे. टीप दोन सूत वाकडी गेली, उसव. दुमड एका ठिकाणी रुंद झाली, उसव. मलमल-केंब्रिकसारखं कापड सारखं उसवलं की सुईच्या भोकांनी विरविरीत होतं, आणि चौथ्या टीपेला जी शिवण सरळ येते तिला धरायला कापडच उरत नाही. बाहीचा जोड, गळा, काख, म्हणजे जिथे अंग हलतं ते चुकलं तर उसवायचंच, कितीही कंटाळा आला तरी. पण खालची दुमड, बाजूच्या चाकाची, म्हणजे खालच्या उघड्या चिरेची, शेवटची दोन बोटं, आतली कच्ची कड, हे असू द्यायचं. आधी घालायचं. आठवडाभर घातल्यावर जे खुपतं तेवढंच उसवायचं. बहुतेक वेळा, जे टेबलावर डोळ्याला खुपत होतं ते अंगाला खुपतच नाही, आणि जे अंगाला खुपतं ते टेबलावर दिसलेलं नसतं. क्लासमधल्या एका मैत्रिणीला हे अजिबात मान्य नाही. तिच्या शिवणी आतूनही बघाव्यात अशा असतात, आणि गेल्या दिवाळीसाठी घेतलेला तिचा ड्रेस अजून मशीनवर आहे.

पैसे वाचतात का, असं सगळे विचारतात. नाही. कापड, अस्तर, दोरे, पट्ट्या, तुळशीबागेत हूक आणायला जाऊन बरोबर आलेल्या लेसा, हे सगळं धरलं तर रेडीमेड कुर्ता स्वस्त पडतो. आणि त्या रेडीमेड कुर्त्याची बाही शिवणाऱ्या बाईला तिच्या कौशल्याचे किती कमी पैसे मिळत असतील, याचा अंदाज पहिली बाही स्वतः जोडल्यावर येतो. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा किंचित मोठा असतो. तो फरक एकही चुणी न पाडता मुरवायचा असतो. मला अजून टाचण्या लावून, कच्चा दोरा घालून, श्वास रोखून ते करावं लागतं. ती बाई तासाभरात कितीतरी बाह्या नुसत्या बोटांनी बसवत असेल.

सध्या बाबांचा नेहरू शर्ट चालू आहे. मुंढा नीट वर घेतलाय, गोल बसका ठेवलाय, कारण ते रोज सकाळी गच्चीवर हात वर करून व्यायाम करतात. कॉलरच्या दोन टोकांची गोलाई काही केल्या सारखी येत नाहीये. डावीकडची जरा टोकदार आहे. बाबांना त्याचं काही नाही. त्यांना खिसा चष्म्याच्या डबीएवढा हवाय आणि वाकलं तरी डबी पडायला नकोय. मी डबीचं माप घेऊन खिसा कापला, नुसता कच्च्या दोऱ्यानं टाचला, आणि शर्ट त्यांना घालायला दिला. म्हटलं, गच्चीवर जा, भाजी आणा, चपला वाकून घाला. संध्याकाळी सांगतो म्हणालेत.